परत आलेला कप

वाचकाचं पत्र (जागेसाठी आटोपशीर केलं आहे):

"मॅडम, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय ३६, पतसंस्थेत नोकरी. सहा वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून मातीकाम सुरू केलं, रीतसर कुठेच शिकले नाही. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये चाक आणि छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, ती १२२० अंशांपर्यंत नेते. कप, वाडगे, फुलदाण्या करते. जपानचे कुंभार शोजी हमादा आणि लंडनच्या लूसी री यांच्या भांड्यांचे फोटो बघत बघत माझा हात बसला. गेल्या प्रदर्शनात एका ज्येष्ठ चित्रकारांनी माझा कप उचलला आणि विचारलं, 'गुरू कोण तुझा?' कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, 'हे सगळं जपानचं. यात तुझं काय, आणि कोल्हापूरचं काय?' मी तीन रात्री झोपले नाही. त्याच आठवड्यात एका ताईंनी कप परत आणून दिला. त्यात चहा ठेवला की टेबलावर ओलं वर्तुळ उठतं. ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेच्या थरावर, बारीक जाळी आहे, ते जपानी सौंदर्य आहे असं मी गिऱ्हाइकांना सांगत होते. आता एका समूह प्रदर्शनाच्या अर्जात 'तुमच्या कामावरचे प्रभाव' यावर दीडशे शब्द लिहायचेत आणि पेन उचलत नाही. नोकरी सोडून दोन वर्षं कुठेतरी शिकायला जाऊ का? — नाव छापू नका."

ताई,

मूळ पत्रात चित्रकारांच्या प्रश्नाला तुम्ही दीड पान दिलंय आणि परत आलेल्या कपाला चार ओळी. मी आधी कप घेते. तो सुटला की बाकीचं बोलणं सोपं होईल.

ग्लेझवरच्या त्या जाळीला आपण क्रेझिंग म्हणतो. भट्टी निवताना माती आकसते, तिच्यावरची काचही आकसते. काचेचं आकसणं मातीपेक्षा जास्त असलं की ती ताणली जाते आणि तडकते. चीनमध्ये सोंग काळातल्या गुआन भांड्यांवर अशी जाळी मुद्दाम आणत, आणि लोक आजही ती मानाने बघतात. पण ती जाळी बोलावून आणलेली होती. तुमची न बोलावता आली आणि मग तुम्ही तिला जपानी नाव दिलंत. हे मी रागाने लिहीत नाही. एकट्याने शिकणाऱ्या माणसाला हा मोह फार होतो, कारण दोषाला दोष म्हणणारं शेजारी कुणी नसतं. जाळी थांबवता आली की मग ती ठेवायची की नाही हे ठरवण्याचा हक्क तुमचा. तोवर विकायच्या कपावर ती नको.

थांबवायची कशी? ग्लेझमध्ये सिलिका थोडी थोडी वाढवत जा, दर वेळी पाच टक्क्यांनी, आणि फेल्डस्पार, म्हणजे ग्लेझ वितळवणारी ती दगडाची पूड, तेवढा कमी करा. फेल्डस्पारमधले सोडियम आणि पोटॅशियम हे काचेला जास्त आकसवणारे घटक आहेत. प्रत्येक बदलाचा एकेक छोटा कप भाजा. तो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी सिंकमध्ये ठेवून त्यात उकळतं पाणी ओता. असं तीनदा. मग काचेवर शाई चोळून पुसा. जाळी असेल तर ती लगेच दिसते.

पण नुसत्या जाळीने टेबल ओलं होत नाही. खालची माती पक्की भाजली असेल तर काच तडकली तरी पाणी आत शिरत नाही. तुमच्या कपाला घाम सुटतो, म्हणजे माती कच्ची राहिली आहे. भट्टीचा आकडा १२२० दाखवतो हे खरं, पण तो आकडा थर्मोकपलचा, म्हणजे भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेचा असतो, आणि वापरून वापरून थर्मोकपल हळूहळू चुकीचं सांगायला लागतं. शिवाय ते एका जागेचं तापमान सांगतं. तुमचा कप दुसऱ्याच फळीवर असतो. म्हणून कोन लावा, म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारे ते छोटे सुळके. ओर्टनचा सहा नंबरचा कोन साधारण १२२२ अंशांना वाकतो, आणि तो तापमानाबरोबर वेळही मोजतो, मातीसारखाच. वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर एकेक ठेवा. खालच्या फळीवरचा कोन ताठ उभा राहिलेला दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी तपासणी वजनाची. ज्या मातीचे कप करता तिच्याच पाच पट्ट्या करा, ग्लेझ न लावता कपांबरोबर भाजा. भट्टीतून काढल्या की लगेच वजन करा. घरचा काटा याला पुरत नाही. गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर त्याच्याकडे जा, त्याचा काटा ग्रॅमचाही शंभरावा भाग दाखवतो. मग पट्ट्या चार-पाच तास उकळा, त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या, ओल्या फडक्याने वरवर टिपून पुन्हा वजन करा. समजा कोरडी पट्टी ५२.४० ग्रॅम होती आणि भिजलेली ५४.६० झाली. २.२० ग्रॅम पाणी आत गेलं, म्हणजे ४.२ टक्के. चहाच्या कपाला हे चालत नाही. दोन टक्क्यांच्या आत यायला हवं. नसेल येत तर शेवटच्या तापमानाला पंधरा-वीस मिनिटं थांबून बघा. तेही पुरलं नाही तर माती बदला. पुष्कळ तयार माती १२५० च्या पुढे पिकणारी असते आणि छोट्या भट्टीवाल्यांना तेवढं सांगायचं राहून जातं.

थर्मोकपल तपासून घ्यायला तुम्हाला मुंबई-पुणं गाठायला नको. ओतीव लोखंडाच्या कारखान्यांच्या गावात राहता तुम्ही. उद्यमनगरात आणि शिरोलीत फर्नेस सांभाळणारी, फायरब्रिक रचणारी, भट्टीच्या आतलं उष्णता धरणारं ब्लँकेट बदलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. लोखंड वितळवायला तुमच्या भट्टीपेक्षा शेदोनशे अंश तरी वर जावं लागतं. तापमान वाचणं हा त्यांचा रोजचा धंदा. माझ्या भट्टीचं दार वाकडं झालं तेव्हा ते एका फाउंड्रीतल्या मिस्त्रींनी बसवून दिलं, आणि विटांच्या सांध्याला जागा का सोडायची असते ते त्या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं.

आता गुरूचा प्रश्न. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. संतमंडळी जमली असताना मुक्ताईने त्यांना विचारलं, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले, आणि कच्चे ठरले. पुढे ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ही गोष्ट नेहमी 'गुरूशिवाय ज्ञान नाही' म्हणून सांगतात. ती सांगण्याचा मला अधिकार नाही, पण कुंभारकाम करणारी बाई म्हणून मला तिच्यात आधी ते थापटणं दिसतं. तू कुणाकडे शिकलास, हे गोरोबांनी कुणालाच विचारलं नाही. वाजवून बघितलं. कुंभार भट्टीतून काढलेलं मडकंही असंच बोटाने वाजवतो. खणखणीत आवाज आला तर पक्कं, दबका आला तर कच्चं किंवा आत चीर.

तुम्हाला सहा वर्षांत शिकवणारे पुष्कळ भेटले, पडद्यावर का होईना. वाजवून बघणारं कुणी भेटलं नाही. माझ्या मते तुमची उणीव एवढीच आहे, आणि ती नोकरी न सोडता भरून निघते. कप परत आणून देणाऱ्या त्या ताई तुमच्या पहिल्या गोरोबा. त्यांना फोन करून आभार माना, आणि नवा कप तपासून झाल्यावर त्यांच्याच घरी नेऊन द्या.

मीही शाळेत जाऊन शिकले नाही. पहिल्या भट्टीत बावीस पणत्या आणि एक मोठा वाडगा ठेवला होता, आणि तासाभरात आत फटाके वाजले. वाडग्याचे तुकडे पणत्यांत घुसले. हाताला कोरडं लागलं म्हणून मी कोरडं धरलं होतं. नंतर बापट कॅम्पातल्या एका मावशींनी कच्चं भांडं माझ्या गालाला लावलं आणि म्हणाल्या, "गार लागतंय न्हवं? मग पाणी हाय आत अजून." हातापेक्षा गालाला गारवा लवकर कळतो. शंभर अंशांना त्या पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की भांडं फोडून बाहेर येते. शास्त्र मला आधीच ठाऊक होतं, पुस्तकात वाचलेलं. गाल ठाऊक नव्हता.

तेव्हा तुम्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात जा. हल्ली तिथे वर्षाचा बराचसा काळ गणपतीच्या मूर्तींचा, पण पणत्या, सुगडं, घटस्थापनेचे घट, बेंदराचे मातीचे बैल यांना हात बसलेली जुनी माणसं अजून आहेत. मोबाइल बाहेर काढू नका. तुमचा एक फुटलेला, एक वाकडा आणि एक चांगला वाडगा घेऊन जा, पुढे ठेवा आणि काय चुकलं ते विचारा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि देताना संकोच करू नका. माझ्या वाडग्यांच्या बुडाला इंग्रजी एससारखी चीर जायची. दोन महिने मी माती बदलत बसले होते. गल्लीतल्या एका आजोबांनी मला चाकावर एकदाच बघितलं आणि सांगितलं की बूड दाबत नाहीस आणि आत पाणी तसंच सोडतेस. झालं. पुढच्या खेपेपासून चीर गेली.

गुरू नसलेल्या माणसाला कोल्हापूर परकं मानत नाही हे त्या चित्रकारांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. याच गावात बाबूराव पेंटर झाले. कलाशाळेत न जाता त्यांनी चित्र आणि शिल्प आत्मसात केलं, चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटकाचे पडदे रंगवले. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. कुणी नमुना करून दाखवला नव्हता. पण कॅमेरा स्वतःच परीक्षा घेतो. चित्र उमटलं तर उमटलं. आणि बाबूरावांच्या घरात कारागिरीची हत्यारं होती, वडिलांचा हात डोळ्यांसमोर होता. 'स्वतः शिकलेला' या शब्दात अशी पुष्कळ माणसं लपलेली असतात. अर्जात लिहिताना ती उघड करा.

म्हणजे प्रभावांकडे यायला हवं.

तुम्ही हमादा आणि लूसी री ही नावं घेतलीत, आणि दोघांचे फोटो बघितलेत. फोटोतून भांड्याची बाहेरची रेघ येते. वजन येत नाही, ओठाला कड कशी लागते ते येत नाही, बुडाचा कडा कसा सोडवलाय ते तर कधीच येत नाही. त्यामुळे तुमच्याकडे आला तो रेघेचा प्रभाव, आणि चित्रकारांच्या डोळ्याने तीच रेघ पकडली. ते चुकले नाहीत. त्यांनी अर्धंच बघितलं, एवढंच.

हमादांचं उरलेलं अर्धं असं. ते रीतसर शिकलेले होते, तोक्योच्या तांत्रिक महाविद्यालयात. नंतर क्योतोच्या सिरॅमिक चाचणी संस्थेत कावाई कांजिरो यांच्याबरोबर त्यांनी ग्लेझच्या हजारो चाचण्या केल्या. १९२० साली बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर इंग्लंडात सेंट आइव्हजला गेले, परतल्यावर माशिको या गावात राहिले. माशिको म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोठ्या बरण्या, किटल्या, पाण्याची भांडी करणारं गाव, तोक्योच्या घराघरात पुरवणारं. तिथली माती भरड. हमादांनी तीच घेतली. त्यांचं ते प्रसिद्ध पिकल्या फळासारखं तांबूस-तपकिरी ग्लेझ त्या परिसरातल्या दगडाच्या भुकटीचं आहे, आणि दुधी पांढरं ग्लेझ भाताच्या तुसाच्या राखेचं.

भाताच्या तुसाची राख! ताई, गगनबावडा, राधानगरी, आजरा हे भाताचे तालुके तुमच्या घरापासून दीड-दोन तासांवर आहेत. तिथल्या भातगिरणीच्या मागे तुसाचा ढीग पडलेला असतो. तूस पूर्ण पांढरं होईतो जाळलं तर उरते ती राख दहात जवळजवळ नऊ भाग सिलिका असते. तुमच्या ग्लेझला जाळी थांबवायला जे हवंय ना, तेच. ते कोल्हापुरात पोत्याने मिळतं. टोपच्या बाजूला खडीच्या खाणी आहेत, क्रशरखालची काळ्या दगडाची भुकटी विचारा. सह्याद्रीचा बेसाल्ट तो. लोह भरपूर असल्यामुळे स्टोनवेअरच्या, म्हणजे चढ्या आचेवर दगडासारख्या पक्क्या भाजलेल्या भांड्यांच्या, तापमानाला तो वितळून गडद तपकिरी ते काळी काच होतो. पन्हाळा-राधानगरीकडचा जांभा आणखी लोहवाला. आणि हंगामात गुऱ्हाळावर गेलात तर चुलवणातून चिपाडाची राख घेऊन या, तिच्यातही सिलिका आहे, शिवाय थोडं पोटॅश आणि चुना.

या सामानाच्या पाककृती मी देणार नाही, कारण तुमच्या क्रशरची भुकटी आणि माझ्या क्रशरची भुकटी एक नाही. रीत देते. एका बाजूला दगडाची भुकटी, दुसऱ्या बाजूला लाकडाची राख. ९०-१०, ८०-२० असं करत १०-९० पर्यंत नऊ मिश्रणं. प्रत्येकाची एकेक उभी पट्टी, तिच्याखाली मातीची बशी, कारण काही ग्लेझ वाहतात आणि भट्टीच्या फळीला जन्माचे चिकटतात. राख बारीक चाळणीतून चाळा, हातमोजे घालून. ओल्या राखेचं पाणी कातडी सोलतं. नऊंपैकी सात फुकट जातील. ज्या दोन उरतील त्यांत तिसरी वस्तू, तुसाची राख, घालून पुन्हा नऊ करा. वहीत तारीख, वजन, फळी, कोन हे सगळं लिहा. हमादांकडून घ्यायचं ते हे. त्यांच्या ब्रशचे फटकारे घेतलेत तर ते तुमच्या कपावर उपरेच राहतील.

लूसी री यांचं मात्र मला तुमच्याशी जास्त जुळतं वाटतं, आणि त्यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहायची इच्छा आहे. व्हिएन्नात शिकून नाव झालेली ही बाई १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून लंडनला आली. तिथे तिला ओळखणारं जवळजवळ कुणी नव्हतं. इंग्लंडात तेव्हा लीच यांचा शब्द चालायचा. भांडं जाड, भरभक्कम, खेड्यातल्या वापरातल्यासारखं असावं असा त्यांचा कल. त्यांना हिची भांडी फार पातळ वाटली. तिने मनापासून त्यांचं ऐकायचा प्रयत्न केला, हात जड करून बघितला. जमलं नाही. लढाईच्या काळात कपड्यांची सिरॅमिक बटणं करून पोट भरलं. १९४६ साली हान्स कोपर नावाचा एक तरुण निर्वासित तिच्या कार्यशाळेत काम मागायला आला. मातीकामाचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. तिथेच शिकला, आणि त्यानेच तिला सांगितलं की तू तुझीच पातळ भांडी कर. ती पुढची चाळीसहून अधिक वर्षं तिने केली. लीच आणि ती शेवटपर्यंत मित्र राहिले.

यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. ती इलेक्ट्रिक भट्टीत भाजायची. लाकडाची भट्टी नाही म्हणून आपलं काम कमअस्सल, अशी खंत तुमच्या पत्रात एका ठिकाणी दिसली, ती काढून टाका. शिवाय ती कच्च्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ लावून एकाच खेपेत भाजायची. वीज बिलाची काळजी तुम्हाला आहेच, तर काही छोट्या भांड्यांवर हे करून बघा. दुसरी गोष्ट त्या चित्रकारांची. मोठ्या माणसाचं बोलणं ऐकून तिने हात जड केला होता, त्याची लाज तिला वाटली असेल असं मला वाटत नाही. करून बघितल्याशिवाय कुणाचं म्हणणं आपलं नाही हे कळत नाही. तुम्हीही वर्षभर 'कोल्हापूरचं' काहीतरी करायचा प्रयत्न करून बघा. पण कपावर कोल्हापुरी साज नाहीतर महालक्ष्मीचं देऊळ रंगवून नव्हे, एवढी कळकळीची विनंती आहे.

कुठून सुरू करायचं विचाराल तर स्वयंपाकघरातून. तुमच्या आजीच्या, आईच्या फळीवर लोणच्याची बरणी असेल. वर तपकिरी, खाली पांढुरकी, तोंडाला दादरा बांधलेली. ती खाली उतरवा, धुऊन हातात घ्या. हे स्टोनवेअर आहे, तुम्ही जे करू बघता तेच. कैरीचं आंबट आणि मीठ वर्षभर तिच्यात बसतं, तरी तिला घाम फुटत नाही, ग्लेझ जात नाही. खांद्याला गोल का, तोंड हात जाईल एवढंच का, कड जाड का, हे बघा. पट्टीने मोजा, वजन करा. दोन रंगांची ही पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बरण्यांची. आणि आपण तिला म्हणतो काय? चिनीमाती! नावात चीन, रूपात इंग्लंड, पोटात आपली कैरी. ही बरणी आपली नाही असं कोल्हापुरात आजवर कुणाला म्हणताना मी ऐकलेलं नाही.

एका रविवारी टाउन हॉलच्या संग्रहालयातही जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, सातवाहन काळातली वस्ती सापडली. तिथल्याच सापडलेल्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, रोमन जगातून आलेली. समुद्र घाटाखाली आणि हा देव घाटावर, नदीकाठी. गोरोबांचं तेर तर याच्याही पुढचं आहे. तिथे त्या काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती सापडल्या, आणि अभ्यासक त्यांचं नातं रोमशी चाललेल्या व्यापाराशी जोडतात. बाहेरचं घेणं या मातीला नवं नाही. घेतलेलं इथल्या हाताने, इथल्या भट्टीत, इथल्या कामाला लावलं की नाही, एवढंच बघायचं.

नोकरी सोडू नका. दोन वर्षांची फी आणि बुडालेला पगार एवढ्यात तुमची भट्टी दोनदा नवी येईल. रजा काढून आठ-पंधरा दिवसांचं शिबिर करा, किंवा आधी बेळगावपलीकडच्या खानापूरला जाऊन या. लाल मातीच्या भांड्यांसाठी आणि कौलांसाठी तो भाग जुना नावाजलेला, भाषाही आपली, आणि खादी ग्रामोद्योगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था तिथे आहे. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहिते. शेड कोरड्या झाडूने झाडू नका. वाळलेल्या मातीतली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, कोरडी पावडर मोजताना एन-९५ मास्क लावा. आणि शिसं असलेलं ग्लेझ कितीही स्वस्त आणि चकचकीत मिळालं तरी खाण्यापिण्याच्या भांड्याला लावू नका.

आता दीडशे शब्द. हमादा आणि री यांची नावं लपवू नका, लपवलीत तर कप ती सांगतीलच. पण प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहा की त्यांच्याकडून नेमकं काय घेतलं आणि आपल्याकडे येऊन ते कुठे बदललं. वाक्य सुचलं नाही तर ते नाव खोडा. ज्यांना कुणी कलाकार म्हणत नाही त्यांनाही जागा द्या. बूड दाबायला सांगणारं कुणी भेटलं तर ते, थर्मोकपल तपासून देणारे मिस्त्री, बरणी सांभाळणारी आजी. त्यांची नावं छापायची तर आधी त्यांना विचारा. अर्जाची तारीख जवळ असेल आणि यातलं काहीच अजून झालं नसेल, तर जे झालंय तेवढंच लिहा. सहा वर्षं फोटो बघून शिकले, एक कप परत आला, आता माती तपासते आहे. एवढं खरं लिहिलेलं निवेदन मी परीक्षक म्हणून बसले होते तेव्हा वर्षानुवर्षं वाचायला मिळालं नव्हतं.

आणि तो परत आलेला कप. तो पुन्हा भट्टीत घालू नका, मुरलेल्या पाण्याने फुटेल आणि शेजारचं भांडं घेऊन जाईल. फडक्यात गुंडाळा आणि हातोडीने फोडा. ताज्या तुटलेल्या कडेला जीभ लावून बघा, चिकटते का. मग त्याच कडेवर निळ्या शाईचा एक थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, नळाखाली धरा. डाग गेला की राहिला, आणि राहिला तर किती खोल उतरला, ते पुढच्या पत्रात कळवा. पाच पट्ट्यांची वजनंही त्याबरोबर पाठवा, कोणती कुठल्या फळीवर होती त्यासकट.